पोलीस, कोर्ट, सरकारी वकील, जेल: कोण कुणाच्या हाताखाली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बांधाच्या वादातून चुलत्याच्या पोरांनी तुमच्या थोरल्या भावाला काठीने मारलं. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद घेतली, कागद हातात दिला आणि ‘कोर्टातून ऑर्डर आणा’ म्हणून सांगितलं. तीन दिवसांनी एक्स-रे काढला तर मनगटाचं हाड मोडलेलं निघालं. तुम्ही कलेक्टर ऑफिसात अर्ज दिला, सोबत आमदारांचं पत्र जोडलं, आणि झालं काय, तर तहसीलदारांची नोटीस तुमच्याच भावाला आली. ‘या सगळ्यांत मोठा साहेब कोण, आणि कोण कुणाच्या हाताखाली?’ असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यांच्या वर बसलेला असा साहेब कोणी नाही. सत्तावीस वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात फौजदारी वकिली करतोय, आणि नव्या पक्षकाराला सगळ्यात आधी हेच समजावून सांगावं लागतं. महसूल खात्याची आपल्याला सवय असते: तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर. खालच्याने ऐकलं नाही की वरच्याकडे जायचं. फौजदारीत अशी एक शिडी नाही, पाच-सहा शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. पोलिसांची वेगळी, न्यायाधीशांची वेगळी, सरकारी वकिलांची, तुरुंगाची, दवाखान्याची, प्रयोगशाळेची वेगळी. एका शिडीवरचा माणूस दुसऱ्या शिडीवरच्याला हुकूम सोडू शकत नाही. फार तर पत्र पाठवतो, स्मरणपत्र पाठवतो. या सगळ्यांतून फिरतं ते फक्त तुमच्या गुन्ह्याचं बाड. म्हणून मी पक्षकाराला सांगतो, मोठा कोण ते सोड, कागद आज कुणाच्या टेबलावर आहे ते बघून ये.

आता हे असं का, ते दोन ओळींत. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि तुरुंग हे विषय राज्याच्या यादीत आहेत, तर फौजदारी कायदा आणि त्याची कार्यपद्धती समवर्ती यादीत. त्यामुळे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तिन्ही कायदे दिल्लीत झाले, पण ते राबवणाऱ्या हवालदाराचा पगार मुंबईतून निघतो. आणि त्याने केलेल्या कामाचा निवाडा करणारा न्यायाधीश दोघांचंही ऐकायला बांधील नाही; संविधानाच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे तो उच्च न्यायालयाच्या नियंत्रणात. पण त्याच न्यायाधीशाच्या कोर्टाची इमारत, टंकलेखक, शिपाई यांचा खर्च मात्र राज्य सरकारने मंजूर करायचा. गंमत आहे, पण अशीच घडी आहे.

जाता जाता: १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला अजूनही १८६० ची दंडसंहिताच लागते, त्यामुळे आमच्या टेबलावर जुनं-नवं दोन्ही पुस्तकं असतात. तीनशे दोनचं कलम आता १०३ झालंय आणि चारशे वीसचं ३१८. पण ‘तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे’ असं म्हणायला अजून कोणाची जीभ वळत नाही.

तुमच्या कागदाकडे येऊ. पोलिसांची शिडी कागदावर लांबलचक आहे: ठाण्याचे निरीक्षक, वर उपविभागीय अधिकारी म्हणजे आपण ज्यांना डीवायएसपी म्हणतो ते, मग अपर अधीक्षक, जिल्ह्याचे अधीक्षक, परिक्षेत्राचे विशेष महानिरीक्षक, आणि मुंबईत महासंचालक. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा शहरांत अधीक्षकांऐवजी आयुक्त. पण तुमच्या केसचं भवितव्य बऱ्याच अंशी ठरून जातं ते सगळ्यात खालच्या पायरीवर, ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी. मी ते दृश्य शेकडो वेळा बघितलंय. भाऊ हात धरून बाकावर बसलेला, सोबतचे तिघं एकदम बोलतायत, अंमलदार स्क्रीनकडे बघत विचारतो, ‘कशानं मारलं? रक्त आलं का?’ रक्त आलेलं नसतं. मग तो टाईप करतो: ‘काठीने व लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ, दमदाटी केली.’ झालं. साधी दुखापत, अपमान, धमकी. न्याय संहितेची ११५(२), ३५२ आणि ३५१(२) ही कलमं, तिन्ही अदखलपात्र. आणि अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. तेव्हा त्या दिवशी ‘कोर्टातून ऑर्डर आणा’ म्हणाले ते अंगावरचं काम झटकणं होतं की कायदा होता? त्या दिवसापुरता कायदाच होता.

एक्स-रे निघाला आणि चित्र पालटलं. हाड मोडणं, सांधा निखळणं, दात पडणं ही कायद्याने गंभीर दुखापत. न्याय संहितेचं कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र. एका बाडात चार कलमं अदखलपात्र आणि एक दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. म्हणजे आता तुमचा कागद कोर्टाच्या टेबलावर न्यायची गरजच नाही; तो पुन्हा ठाण्यातच न्यायचा, पण एका जोडीदारासह: दवाखान्याचं इंज्युरी सर्टिफिकेट. ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद झाली असेल, तिचा नंबर घ्या. सर्टिफिकेटवर ‘साधी’ लिहिलंय की ‘गंभीर’ ते स्वतः वाचा. पहिल्या दिवशी एक्स-रे झालेला नसतो, डॉक्टर ‘साधी’ लिहून मोकळे होतात आणि नंतरचा अहवाल कोणी जोडतच नाही. मनगटाच्या हाडाचा अहवाल जोडून निरीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगून ठेवलंय.

तरीही नाही घेतला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर स्पीड पोस्टाने अधीक्षकांना. तिथूनही काही हललं नाही, तर मग दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज, सोबत शपथपत्र. जुने लोक याला अजून ‘एकशे छप्पन्न तीन’ म्हणतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या आकड्यावरून. हा क्रम मोडून थेट कोर्टात आलात तर पहिला प्रश्न येतो, ‘एसपींकडे गेला होता का? पोच कुठंय?’ आमदारांचं पत्र या साखळीत कुठेच बसत नाही. आणि कलेक्टर ऑफिसातला अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन त्याच ठाण्यात परत आला असेल, कारण गुन्ह्याच्या तपासावर कलेक्टरची हुकमत नाही. तुमचे दोन महिने मात्र गेले.

तहसीलदारांच्या नोटिशीने तुम्ही जास्त घाबरलेले दिसता. ती गुन्ह्याची नोटीस नाही. तहसीलदार हे महसूलचे अधिकारी, पण त्यांच्या डोक्यावर कार्यकारी दंडाधिकाऱ्याची दुसरी टोपी असते. बांधाचं भांडण पुन्हा पेटू नये म्हणून पोलीस दोन्ही बाजूंवर प्रस्ताव पाठवतात आणि तहसीलदार विचारतात, शांतता राखण्याचं बंधपत्र का घेऊ नये? कलम १२६, जुना आकडा १०७, आमच्या बोलीत चॅप्टर केस. बंधपत्र जास्तीत जास्त वर्षभराचं. मार खाल्लेल्याला आणि मारणाऱ्याला एकाच ओळीत उभं करतात याचा राग येतो, तो मला समजतो. मलाही हा सरधोपटपणा पटत नाही. पण यात कोणाला दोषी ठरवत नाहीत. तारखेला हजर राहा, म्हणणं लेखी द्या. आयुक्तालयाच्या शहरात हीच टोपी पोलीस अधिकाऱ्याच्याच डोक्यावर असते, तिथे हा गोंधळ आणखी वाढतो.

खरे दंडाधिकारी वेगळे. तालुक्याच्या कोर्टात जे साहेब तुमच्या बांधाचा दिवाणी दावा ऐकतात, तेच फौजदारीही चालवतात: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, पाटी एकच. लोकांना वाटतं पोलीस त्यांच्या हाताखाली. तसं नाही. कोणाला अटक करायची, तपास कसा करायचा, यात ते तपास अधिकाऱ्याला हाताला धरून चालवत नाहीत. पण पोलिसांच्या हातातला माणूस मात्र चोवीस तासांत त्यांच्यासमोर उभा करावाच लागतो, रविवार असो की दिवाळी. सुट्टीच्या दिवशी न्यायाधीशांच्या निवासस्थानी रिमांड होतो. व्हरांड्यात दोन शिपाई, मध्ये आरोपी, एका हातात चप्पल. साहेब कागद चाळतात, मग आरोपीकडे बघून विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ बहुतेक जण मान हलवून नाही म्हणतात. एखादा गप्प राहतो, आणि साहेब अनुभवी असतील तर शिपायांना बाजूला जायला सांगून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. तो एक मिनिट मला या सगळ्या यंत्रणेत सगळ्यात मोलाचा वाटतो.

तिथेच ठरतं पीसीआर की एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपलीकडे नाही. नव्या संहितेत हे पंधरा दिवस सलग न घेता तुकड्यांनीही मागता येतात. आणि साठ किंवा गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, केस कितीही भक्कम असो. एक दिवस उशीर झाला म्हणून सुटलेला आरोपी बघून फिर्यादीचे नातेवाईक न्यायाधीशांना दोष देतात. त्यांनी घड्याळ बघावं.

तुमच्या केसपुरतं सांगायचं तर ११७(२) हा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार प्रकरणात २०१४ ला बजावलंय. तेव्हा चुलत्याची पोरं संध्याकाळी पारावर बसलेली दिसली तर ‘पोलीस विकले गेले’ असं लगेच म्हणू नका. जामीन म्हणजे केस संपली नाही. केस अजून सुरूही झालेली नसते.

सुरू होते ती चार्जशीट दाखल झाल्यावर, आणि तिथे कागद सरकारी वकिलांच्या टेबलावर येतो. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात ते सहायक सरकारी अभियोक्ता, लोकसेवा आयोगाकडून आलेले, अभियोग संचालनालयाच्या शिडीवरचे. पूर्वी ते पोलीस खात्यातच मोडत, अधीक्षकांच्या हाताखाली. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांना पोलीस खात्यातून वेगळं करायला लावलं. चांगलंच झालं, पण त्याची एक किंमतही आहे: तपास चालू असताना अभियोक्ता आणि तपास अधिकारी एका टेबलाशी बसतातच असं नाही. चार्जशीटमधली भोकं अभियोक्त्याला दिसतात ती बहुधा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिल्यावर. सत्र न्यायालयातले जिल्हा सरकारी वकील आणखी वेगळे, त्यांची नेमणूक मुदतीची, सरकारने केलेली.

आणि एक गोष्ट नीट ऐका: खटल्याचं नाव असेल ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ अमुक. तुमचा भाऊ त्यात पक्षकार नाही, साक्षीदार आहे. तुम्ही मला वकील लावलं तरी मी सरकारी वकिलांच्या मागे बसून चिठ्ठी देणार, शेवटी परवानगीने लेखी युक्तिवाद देणार. उलटतपासात मध्येच उठून ‘खोटं बोलतोय हा’ म्हणायची मुभा मलाही नाही. चार्जशीटची प्रत मात्र आता पीडितालाही द्यावी लागते, ती मागून घ्या.

चार्जशीटसोबत येतो मुद्देमाल. तुमच्या केसमध्ये ती काठी. पंचांसमक्ष जप्त करून, कागदी लेबलावर सह्या घेऊन, सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील. कोर्टाच्या मुद्देमाल कोठडीत अशा काठ्या, कोयते, रक्ताचे डाग पडलेले शर्ट गोणपाटात वर्षानुवर्षं पडलेले असतात. खटल्यात ती काठी बाहेर काढतात तेव्हा लेबल बहुधा उंदरांनी खाल्लेलं असतं आणि पंच म्हणतो, ‘सही माझीच आहे साहेब, पण वाचून नाही केली.’ झाला फितूर. म्हणून नव्या संहितेने जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, आणि सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणंही. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. न्यायसहायक प्रयोगशाळेचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला, बाकी विभागीय. तिथून येणाऱ्या अहवालाला आम्ही सीए रिपोर्ट म्हणतो. माझ्या एका खटल्यात हा रिपोर्ट तयार होऊन अकरा महिने पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून होता. कोर्ट प्रयोगशाळेला स्मरणपत्रं पाठवत होतं, प्रयोगशाळा ‘पाठवला आहे’ म्हणून कळवत होती, आणि दोघंही खरं बोलत होते.

वरच्या कोर्टांबद्दल पटकन. प्रथम वर्ग दंडाधिकारी जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा देऊ शकतात, कलमात सात लिहिलेली असली तरी. मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. खून, बलात्कार, दरोडा सत्र न्यायालयात. तिथे फाशीही सुनावता येते, पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अंमलात येत नाही. दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवर अपील सत्र न्यायालयात, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीपासून सोलापूरपर्यंतच्या सहा जिल्ह्यांची मुंबईची फेरी त्याने वाचली. आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येतं, हा हक्क २००९ पासून कायद्यात आहे, पण तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. राहिला तुमचा ‘सीबीआय लावा’ हा मुद्दा. सीबीआय चालते १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर, आणि वरच्या कोर्टाचा आदेश नसेल तर राज्याच्या संमतीशिवाय तिला इथे तपास करता येत नाही. महाराष्ट्राने ती सरसकट संमती २०२० मध्ये काढून घेतली आणि २०२२ मध्ये परत दिली. पण बांधाच्या भांडणाला ती येत नाही, एवढं पुरे.

शिड्या वेगळ्या असल्याचा सगळ्यात जास्त फटका कोणाला बसतो विचाराल, तर कच्च्या कैद्याला. देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे तिघं असे, ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत हे प्रमाण ७५.८ टक्के होतं. आता यांची तारीख कशी होते बघा. कोर्ट तुरुंगाला पत्र देतं, अमुक बंदी हजर करा. तुरुंग अधीक्षकांकडे न्यायला शिपाई नसतात. गार्ड देणार पोलीस मुख्यालय. मुख्यालयातले शिपाई गणपतीच्या, निवडणुकीच्या नाहीतर मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात. रोजनाम्यावर ओळ पडते: ‘आरोपी हजर केला नाही.’ पुढची तारीख. तुरुंगाचं चुकलं नाही, कोर्टाचं चुकलं नाही, मुख्यालयही बंदोबस्त सोडू शकत नव्हतं. व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आल्यापासून रिमांडच्या तारखा पडद्यावर उरकतात, पण पडद्यावरच्या आरोपीला मी कानात काही सांगू शकत नाही. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावं, असं कलम ४७९ सांगतं. जन्मठेप-फाशीचे गुन्हे त्यातून वगळलेत. त्याचा अर्ज तुरुंग अधीक्षकांनी करायचा. म्हणजे परत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

तुमच्याकडे परत येतो, कारण तुमच्या कागदात एक गोष्ट अजून मला दिसलेली नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका केसमध्ये मी फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत करत होतो. कोपराचं हाड मोडलेलं, सर्टिफिकेट होतं, बदली झालेले डॉक्टर दोनशे किलोमीटरवरून साक्षीला आले. उलटतपासात एकच प्रश्न झाला, ‘एक्स-रेची प्लेट कुठे आहे?’ ती ना पोलिसांनी जप्त केली होती, ना दवाखान्यात सापडली. गंभीर दुखापत शाबीत झाली नाही, साध्या दुखापतीत दंड भरून आरोपी त्याच दिवशी घरी गेले. पोलिसांना वाटलं दवाखान्यात असेल, दवाखान्याला वाटलं पोलिसांनी नेली असेल, आणि मी वकीलपत्र घेतलं त्या दिवशी विचारलं नाही, ती माझी चूक.

तेव्हा भावाची प्लेट आज कुठे आहे ते आधी बघा. खाजगी दवाखान्यात काढली असेल तर पाकिटावर नाव, तारीख आणि नंबर आहे का पाहा, मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि गुन्हा नोंदला की तपास अधिकाऱ्याला ती पंचनाम्यात जप्त करायला लावा. पंचनाम्याची प्रत मिळेपर्यंत ठाण्यातून हलू नका.